गप्प म्हणजे चालू

आमच्या पतसंस्थेत चेअरमनसाहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांनाच बोलायला आवडतं. पिग्मी एजंट तर बोलण्यावरच जगतात. या गलबल्यात एकच माणूस असा, की त्याच्या तोंडून शब्द काढायचा तर आधी काहीतरी बंद पाडावं लागतं. त्यांचं खरं नाव हजेरीपत्रकात आहे आणि ते तिथेच असतं. बाकी सगळे त्यांना रूटकाका म्हणतात. सर्व्हरवर ज्या खात्याला सगळे अधिकार असतात, त्या खात्याचं नाव रूट. चेअरमन पाच वर्षांनी बदलतो, रूट बदलत नाही, असं आमचे सचिव एका वार्षिक सभेत म्हणून गेले होते. माइक बंद आहे असा त्यांचा समज होता.

काकांची खोली जिन्याखाली. पूर्वी तिथे जुन्या खतावण्या आणि एक मोडकी तिजोरी असायची. आता एक रॅक आहे, त्यात दोन सर्व्हर, खाली यूपीएस, मागे निळ्यापिवळ्या केबलींचं जावळ. संस्थेत एसी दोघांनाच आहे, चेअरमनसाहेबांना आणि सर्व्हरला. त्यातला सर्व्हरचा बंद पडला तर कामकाज थांबतं. काकांच्या टेबलावर काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि शेजारच्या भिंतीवर खिळ्याला शेपटीनं टांगलेला माउस. नव्यानं आलेल्या कर्ज विभागाच्या मॅडमनी एकदा विचारलं, "काका, एवढं टाइप करत बसण्यापेक्षा क्लिक का नाही करत?" काका म्हणाले, "क्लिकची नोंद राहत नाही." पतसंस्थेत याहून मोठं उत्तर नसतं. मॅडम मुकाट्यानं वर गेल्या.

मी त्यांचा पोर्‍या. पदानं कनिष्ठ लेखनिक, पण टॉर्च धरायला, केबलीचं दुसरं टोक शोधायला आणि चहा आणायला मीच. या नोकरीत मला पहिला धडा मिळाला तो असा. काकांनी एक लांबलचक ओळ टाइप केली, एंटर दाबलं, आणि पडद्यावर काहीच झालं नाही. खाली नुसती रिकामी ओळ आली.

"झालं नाही वाटतं," मी म्हटलं.

"झालं."

"पण काहीच आलं नाही की."

"म्हणूनच झालं."

हा युनिक्सचा जुना रिवाज आहे. काम नीट झालं की यंत्र गप्प बसतं. 'अभिनंदन' नाही, हिरवी टिकमार्क नाही, टाळ्या नाहीत. बोलतं ते बिघडल्यावरच, तेही तुसडेपणानं आणि अर्धवट. वीसपंचवीस वर्षं असल्या यंत्रासमोर बसून माणूस त्याच्यासारखा झाला, की मुळात तसलाच होता म्हणून इथे येऊन टिकला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

काकूंच्या मते तो मूळचाच. "लग्न झालं तेव्हा पहिलं वर्षभर मी मोरीत जाऊन रडायचे," त्या मला सांगत होत्या. "पुरणपोळी केली, गप्प. आमटी केली, गप्प. शेवटी सासूबाई म्हणाल्या, अगं, गप्प आहे म्हणजे चांगली झालीय. बिघडली असती तर बोलला असता." सासूबाईंनी आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. काका बोलतात तेव्हा तरी काय बोलतात? "मीठ." कमी की जास्त ते सांगत नाहीत. काकूंनी स्वतः चव घेऊन शोधायचं. काळा पडदासुद्धा काय वेगळं करतो! चौदाव्या ओळीत चूक आहे एवढंच सांगतो, कसली ते तुम्ही बघा.

त्यांच्या घरी मी आणखी एक गंमत पाहिलेली. काका बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असतात. स्वयंपाकघरातून काकूंची हाक येते, "अहो!" काका म्हणतात, "हं." पुढे काही नाही. दहा मिनिटांनी पुन्हा "अहो!", पुन्हा "हं." मला आधी वाटलं, काकू काय सांगायचं ते विसरत असाव्यात.

काका शिकवायला मात्र उत्तम, कारण कमी शब्दांत शिकवायची त्यांना गरजच होती. आयपी पत्ता म्हणजे घर नंबर. नेटमास्क म्हणजे त्यातला गल्लीचा भाग किती आणि घराचा किती, हे सांगणारी पट्टी. २५५.२५५.२५५.० असा असेल तर पहिले तीन आकडे गल्ली, शेवटचा घर; गल्लीत २५६ नंबर, पण पहिला गल्लीच्या नावाला आणि शेवटचा दवंडीला राखून ठेवलेला, म्हणून राहायला २५४. गेटवे म्हणजे वेस. गल्लीतल्या गल्लीत उसनी साखर आणायची तर वेशीवर जावं लागत नाही; परगावी जायचं तर तिथूनच. आणि डीएनएस म्हणजे चौकातला पानवाला. माणसाचं नाव सांगा, तो घर सांगतो. पानवाल्याचं दुकान बंद असलं की लोक म्हणतात गाव बुडालं. गाव जागेवर असतं, फक्त पत्ता सांगणारा उठून गेलेला असतो. एवढ्यावर माझं शिक्षण संपलं. मी पुढे याच विषयाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक चाळलं, त्यातही याच्यापलीकडे फार नव्हतं, फक्त पानवाला नव्हता.

त्यांचा खरा आवडता सिद्धान्त तोंडी आणि लेखीचा. काळ्या पडद्यावर 'आयपी' ही कमांड देऊन पत्ता बदलला, तर तो त्या क्षणी बदलतो, पण यंत्र बंद करून चालू केलं की विसरतं. तो तोंडी व्यवहार. कायमचा बदल करायचा तर ठरलेल्या फाइलमध्ये लिहावा लागतो. ती सातबाऱ्यावरची नोंद. "तोंडी करून बघायचं, बसलं तर लेखी करायचं," असं काका म्हणतात. आमच्या कर्जवाटपात बरोबर उलटा क्रम चालतो, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण वसुलीच्या बैठकीत ते छताकडे बघतात.

आणि दोर. दूरच्या शाखेच्या सर्व्हरवर इथून, जिन्याखालून, एसएसएचनं शिरायचं आणि त्याचीच नेटवर्कची मांडणी बदलायची, म्हणजे विहिरीत उतरून पायाखालची पायरी काढायची. चुकलात तर वर यायला वाट नाही. म्हणून काका आधी कमरेला दोर बांधतात. सर्व्हरला सांगून ठेवतात, की बाबा रे, दहा मिनिटांनी स्वतःहून बंद होऊन परत चालू हो. मग तोंडी बदल करतात. काम फत्ते झालं तर ती आज्ञा रद्द करायची. आपणच तुटलो, तर दहा मिनिटांनी सर्व्हर उठतो, तोंडी बोललेलं विसरतो आणि जुन्या पत्त्यावर शहाण्यासारखा बसतो. हा दोर त्यांनी संसारातही वापरला. मुलीसाठी स्थळ बघायला निघताना परतीची एसटीची तिकिटं आधी काढलेली असायची.

आता एकोणऐंशीची गोष्ट. मागे आमच्याकडे एक नवा पोरगा लागला. इंजिनिअर, हुशार, काकांना 'सर' म्हणणारा, आणि पहिलीपासून इंग्रजी माध्यमातला. त्याला एका शाखेत पाठवलं, नव्या सर्व्हरला पत्ता द्यायला. काका फोनवर सांगत होते: "एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, वीस, एकशे एकोणऐंशी." तिकडे पोरानं ब्याण्णव आणि अडुसष्ट सवयीनं ओळखले, ते सगळीकडेच असतात. एकोणऐंशीला तो क्षणभर थांबला असावा. ऐंशी ऐकू आलं, एकोण ऐकू आलं, त्यानं १८९ टाकले.

आणि १८९ वर त्या शाखेचं हजेरीचं यंत्र राहत होतं.

एका घर नंबरावर दोन बिऱ्हाडं. गल्लीत हाक मारली की दोघंही 'मी' म्हणतात, आणि पोस्टमन ज्याचा आवाज आधी आला त्याच्या दारात पत्र टाकतो. सर्व्हर पाच मिनिटं लागायचा, पाच मिनिटं गायब. पासबुकं अर्धवट छापून बाहेर यायची. आणि हजेरी? दोन दिवस त्या शाखेत एकही माणूस उशिरा आला नाही. कारण बोटाचे ठसे जिकडे जायचे तिकडे त्यांना कुणी विचारत नव्हतं. शाखेनं तक्रार केली ती फक्त पासबुकांची. हजेरीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी कोणत्या पत्त्यावर कोणतं कार्ड बसलंय त्याची यादी काढली. प्रत्येक नेटवर्क कार्डाच्या अंगावर कारखान्यातच गोंदलेला एक क्रमांक असतो. एकाच पत्त्यासमोर तो मिनिटामिनिटाला बदलत होता. चोर सापडला.

काका पोराला काही बोलले नाहीत. पण २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'सत्तर दोन' अशी वाचायची रीत आणली आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला, तेव्हा काका गदारोळ करणाऱ्यांच्या बाजूला होते. एकोणऐंशीनंतर त्यांनी गुपचूप बाजू बदलली. जिन्याखाली त्यांच्या हातचा एक कागद लागला: 'आयपी पत्ता फोनवर सांगू नये. सांगणे भाग पडल्यास एकेक आकडा सांगावा. कमांड तर मुळीच सांगू नये.' या शेवटच्या ओळीनं पुढे आमचा घात केला, पण ते येतंच आहे.

त्या पोरानं मुख्य कार्यालयात नवा उबुंटू सर्व्हर बसवला, तो दिवस मात्र वाईट गेला. काका त्याच्यासमोर बसले आणि सवयीनं 'आयएफकॉन्फिग' टाइप केलं. यंत्र म्हणालं, अशी कमांड सापडली नाही. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. ज्या दोस्ताच्या घरी उभं आयुष्य न विचारता गेलो, त्याच्या दाराला कुलूप, आणि शेजारी म्हणतात, इथे असं कुणी राहत नाही.

"सर, ती आता आधीपासून नसते. जुनी आहे ना," पोरगा म्हणाला.

"१९८३ ची," काका म्हणाले.

"तेच म्हणतोय. वर्ल्ड कपच्या वेळची."

काका क्वचितच सलग बोलतात. तेव्हा बोलले. म्हणाले, १९८३ साली लॉर्ड्सशिवायही काही घडलं होतं. १ जानेवारीला अर्पानेटनं टीसीपी-आयपी घेतलं, त्यावर आज तुमचं सगळं चाललंय. आयएफकॉन्फिग त्याच साली बर्कलेच्या बीएसडी युनिक्समधून आली. पॉल मोकापेट्रिसनं डीएनएस मांडलं तेही त्याच साली. आणि डिसेंबरात माइक म्यूस नावाच्या माणसानं पिंग लिहिलं. पाणबुडी शोधायला पाण्यात आवाज सोडतात, तो आदळून परत येतो, त्या आवाजावरून नाव. 'आहेस का?' 'आहे.' बाकी काही विचारायचं नाही. एवढं बोलून काका दमले आणि पाणी प्याले.

नव्या सर्व्हरवर कार्डाचं नावही बदललेलं. पूर्वी सरळ 'ईथ-झीरो' असायचं, घरातल्या थोरल्याला दादा म्हणावं तसं. आता 'ईएनपी-थ्री-एस-झीरो'. म्हणजे कार्ड कोणत्या बसवर, कोणत्या खाचेत बसलंय ते नावातच. काका म्हणाले, "पोराला नाव ठेवायचं सोडून दवाखान्याचा खाट नंबर ठेवलाय." पण फाइल उघडली आणि त्यांची कळी थोडी खुलली. तिथल्या मांडणीत, वायएएमएल म्हणतात तिला, जागा सोडण्याला फार महत्त्व. दोन मोकळ्या जागा म्हणजे मुलगा, चार म्हणजे नातू. एक जागा कमी पडली तर नातू काकांच्या मांडीवर जाऊन बसतो आणि सगळं कुटुंब कोसळतं. आणि टॅब हे बटण तिथे चालतच नाही. पोरानं टॅब मारला होता. काकांनी पोस्टकार्डाची कड पडद्याला लावून ओळी सरळ केल्या, पंगतीत पाट मांडतात तशा.

मग पोरानं त्यांना 'नेटप्लॅन ट्राय' दाखवलं. नवी मांडणी लागू होते, पडद्यावर १२० पासून उलटी मोजणी सुरू होते, तेवढ्यात एंटर दाबलं तर कायम, नाहीतर आपोआप जुनं परत. म्हणजे कमरेचा दोर यंत्रातच विणलेला. काका मोजणी बघत राहिले. पोरगा एंटर दाबायला गेला तर त्यांनी हात धरला. सगळे १२० सेकंद जाऊ दिले. जुनं परत आलं. मग पुन्हा करायला लावलं. पुन्हा जाऊ दिले. नंतर दिवसभर काही बोलले नाहीत.

"सरांना आवडलं नाही वाटतं," पोरगा संध्याकाळी म्हणाला.

"गप्प आहेत ना?" मी म्हटलं. "मग झालं तर."

४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक जगभर बंद पडलं, आणि सहाएक तास बंद राहिलं. दुसऱ्या दिवशी कारण बाहेर आलं: देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडनं त्यांच्या सगळ्या डेटा सेंटरांना जोडणारं जाळंच तुटलं, त्यापाठोपाठ डीएनएस दिसेनासं झालं, आणि दुरुस्तीला इंजिनिअर प्रत्यक्ष जागेवर पाठवावे लागले. त्यांना तिथल्या बंदोबस्तातून आत पोचायलाही वेळ लागला. काका ती बातमी खिशात घालून हिंडत होते. अगदी पिग्मी एजंटांनाही थांबवून सांगत होते. "बसलेली फांदी तोडली! दोर नाही बांधला!" एवढे आनंदात मी त्यांना मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षीच्या जुलैतली गोष्ट. कोयनानगरच्या रस्त्याला, पाटणच्या पुढे आमची एक शाखा आहे. तिथे नवी फायबर लाइन आली होती. जुनी वेस सोडून नव्या वेशीवर सर्व्हर न्यायचा, एवढंच. संध्याकाळचे साडेसहा. काका कराडहून, जिन्याखालून, आत शिरले. जुनी वेस काढायची आणि नवी घालायची, या दोन कमांडा काका एकाच ओळीत, मधे अर्धविराम देऊन लिहितात, म्हणजे एका श्वासात दोन्ही होतात. 'बदल' अशी एकच कमांडही आहे, पोरानं दाखवली होती. पण हाताला जुनी सवय. पहिला भाग लिहून झाला. त्याच क्षणी मी चहाचा कप ठेवला आणि विचारलं, "काका, साखर घालू?"

अर्धविरामाच्या जागी एंटर गेलं.

पडद्यावर काही आलं नाही. मी समाधानानं म्हटलं, "झालं." काका पडद्याकडे बघत होते. खालची रिकामी ओळ आली नव्हती. कर्सर जिथल्या तिथे होता. त्यांनी एंटर दाबलं. पुन्हा दाबलं. हे गप्प बसणं दिसायला अगदी तसंच होतं, एवढंच.

"दोर?" मी विचारलं.

काका चहाकडे बघत म्हणाले, "दोन सेकंदांचं काम होतं."

दिवसअखेरचा हिशेब त्याच रात्री व्हायला हवा होता. शाखाधिकारी फोनवर म्हणाले, बटण बंद करून चालू करतो की. काका खुर्चीतून उठलेच. डेटाबेस चालू असताना बटण! मग म्हणाले, कमांड सांगा, मी टाइप करतो. काकांनी भिंतीवरच्या स्वतःच्या कागदाकडे पाहिलं. सात वाजता आम्ही माझ्या मोटारसायकलवर निघालो. मी पुढे, काका मागे, आमच्या मधे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला त्यांचा कीबोर्ड, कारण परक्या कीबोर्डावर त्यांचा विश्वास नाही. पाऊस असा, की पाटणपर्यंत मला रस्ता अंदाजानंच चालवावा लागला. काकांनी वाटेत एकच शब्द काढला, "खड्डा," आणि तोही खड्ड्यातून गेल्यावर.

शाखेत शिपाई कंदील घेऊन दारात. लाइट गेलेली, सर्व्हर यूपीएसवर, यूपीएस दर मिनिटाला ओरडतोय. "काका, लई वेळ न्हाई टिकायचं हे," शिपाई म्हणाला. मी टॉर्च धरला. काकांनी आपला कीबोर्ड जोडला, बाह्या पिळून घेतल्या आणि एक ओळ लिहिली. एंटर. काही आलं नाही. खाली रिकामी ओळ आली, कर्सर लुकलुकला. मग तीच नोंद फाइलमध्ये लेखी केली. शाखाधिकाऱ्यांनी मला हळूच विचारलं, "एवढ्यासाठी आलात?" मी टॉर्च दुसरीकडे फिरवला.

काका उठले नाहीत. पूर्वी ते इथे उठले असते. त्यांनी मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरचा पत्ता घालून पिंग दिलं. एक ओळ परत आली. दुसरी. तिसरी. इतक्या मिलिसेकंदांत पोचलो, इतक्या मिलिसेकंदांत आलो. काका त्या ओळी खाली सरकताना बघत बसले, शिपायानं आणलेला चहा थंड होऊ दिला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. रात्रीचे दहा वाजून गेले होते. खोली एवढीशी, पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"अहो?"

"हं," काका म्हणाले.

फोन बंद झाला. काकांनी तो रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.

"काय म्हणाल्या काकू?" मी विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले. "पिंग."